सिलांचा जिताडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा दिवस वहीला हात लावला नाही. कारण काही नाही, आळस. आणि मासा! मासा सुचला आणि बाकी सगळं राहून गेलं.

कंटेनर उघडताना दाराचं सील कापतात आणि तिथेच टाकतात. बोटभर खिळा, वर पिवळी नाहीतर निळी टोपी, टोपीवर नंबर. उरणच्या रस्त्यांच्या कडेला नुसता सडा असतो. इतकी वर्षं तुडवत गेले, दिसला नाही. मागच्या आठवड्यात उन्हात चमकला — अरे, हे तर खवले! गोणीभर गोळा केले. आयटीआयमधला मित्र निकेत, त्याने त्याच्या गॅरेजमध्ये सळ्यांचा सांगाडा वेल्ड करून दिला. माझ्याएवढा जिताडा मासा होणार. "आयटीआय सोडलंस नि भंगारवाली झालीस," म्हणाला. पण शेपटी मनासारखी होईना म्हणून दोनदा कापून पुन्हा त्यानेच जोडली.

४ फेब्रुवारी

खवले बांधायला तार हवी म्हणून अलिबागला निघाले, पोचले पार पुढे आगरदांड्याच्या जेट्टीवर. बोट लागलेली होती, बसले. खाडीपलीकडची दिघी बघून आले. तार राहिली.

५ फेब्रुवारी

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, त्यात माझा मासा घेतला! प्रदर्शनाच्या बाईंनी विचारलं, माशाच्या पाटीवर नाव काय लिहू?

नाचतच घरी आले. आजोबांनी गोणी पाहिली आणि ताट दूर सरकवलं. "माझ्या बापानं छप्पन साली गावची मेलेली ढोरं ओढायची सोडली. लोकांनी टाकलेलं परत उचलायचं नाय, सांगून गेला. आन् तू गोणी घेऊन फिरतेस?"

"मला कुणी उचलायला लावलं नाही, आजोबा. मला आवडलं म्हणून उचललं."

"त्या पाटीवर आपलं आडनाव नको."

धर्मांतराची ही गोष्ट लहानपणापासून ऐकलीय. गोणी उचलताना मात्र एकदाही आठवली नाही. कशी नाही आठवली?

६ फेब्रुवारी

आजोबा रोज पेपर माझ्याकडून वाचून घेतात. आज भिंग घेऊन स्वतःच बसले. आई म्हणाली, "वाच की तू." मी जवळ गेले तर पान उलटलं.

ठरवलं. रविवारपर्यंत बोलले नाहीत तर मासा जाणार नाही.

तरी निकेतने आणलेल्या तारेने संध्याकाळी शेपटीपर्यंत खवले बांधून झाले. पोट पिवळं, पाठ निळी. काय दिसतोय!

८ फेब्रुवारी, रविवार सकाळ

गॅरेजसमोर टेम्पो उभा आहे. पाटी कोरी. निकेत तिसऱ्यांदा विचारतोय, "चढवू का गं?" मी टायरवर बसून लिहितेय, म्हणजे उत्तर द्यायला नको.

पलीकडे रिक्षा थांबली.

आजोबा. पांढरा शर्ट, काठी. इथे कधीच आले नव्हते. रस्ता ओलांडून आले आणि कडेलाच थांबले. काठी बगलेत धरली. वाकले. मातीतलं काहीतरी पिवळं उचलतायत.