आधी माझ्या पोटाचं विचार

बालाघाट

प्रिय खुशी,

पाकिटात सुकवलेल्या आवळ्याची पुडी आहे. आधी ती काढ, एक फोड गालात धर आणि मग पुढे वाच. मराठी वाचताना तुझं बोट अजून ओळीवरून सरकतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच मराठीत लिहितोय. हे सावकाश वाचायचं आहे, आणि इंदूरच्या तुझ्या मैत्रिणींनी खांद्यावरून वाचायचं नाही. फोनवर का बोललो नाही म्हणशील, तर आपल्या घरी फोन कोणाच्या हातात असतो ते आठव.

तू दर वेळी विचारतेस, "पप्पा, पेट कैसा है?" पोट छान आहे. नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्यात नळी सोडून पाहिली, आत काही सापडलं नाही. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकाला माझ्या लेखात जेवढं सापडतं त्याहूनही कमी. पण मळमळ खरी आहे. सकाळी दात घासताना येते, ऑफिसात डबा उघडला की येते, अनोळखी नंबरचा फोन वाजला की तर येतेच येते. डॉक्टर म्हणाले, ही काळजी आहे. बोलून दाखवली नाही की ती पोटात जाऊन बसते. आयुष्यभर मी नगरपालिकेपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या टोप्या उडवल्या, आणि आता भाताच्या वासाला घाबरून मोरीकडे पळतोय. शेजारच्या रुख्माबाईने दोनदा मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. म्हणाली, "भाऊले कोणाची तरी नजर लागली." माझ्यात नजर लागण्यासारखं तिला काय दिसलं, ते विचारायचं राहून गेलं.

तुला हे नवं नाही. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत रोज सकाळी तू नळाजवळ वाकलेली असायचीस. मम्मी एका हाताने तुझं कपाळ धरायची, दुसऱ्या हाताने वेणी, आणि मागे मी उगाच पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मी म्हणायचो, पोरगी काही आईवर गेली नाही. कोणावर गेली, ते मात्र बोलायचं टाळायचो. आता जे शिकलोय ते तुलाही सांगून ठेवतो. उपाशीपोटी चहा घ्यायचा नाही. (मी घेतो.) एकदम पोटभर न जेवता थोडं थोडं खायचं. श्वास घ्यायची घाई करायची नाही, सोडायला तर आणखी वेळ लावायचा. आणि मळमळ आली की तिच्याशी भांडायचं नाही. ती आपल्या परसवाड्याच्या मामांसारखी आहे. येते, बसते, आणि फार विचारपूस केली नाही तर लवकर जाते. पण खरं औषध तुझ्या मम्मीने शोधलं, नागपूरच्या बसमध्ये.

राखीनंतर आमच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्याच खेपेला वैनगंगेचा पूल यायच्या आत माझा चेहरा पांढरा पडला. मम्मीने मला कोपर मारलं आणि पुढच्या सीटवरचा एक मिशीवाला दाखवून म्हणाली, "याच्यावर बोला." मी ओठातल्या ओठात म्हणालो, या मिशा भाड्याने आणलेल्या दिसतात, लग्न आटोपलं की परत करायच्या असतील. ती पदर तोंडाला लावून हसली. ती हसली आणि माझा श्वास सुटला. वारासिवनी येईपर्यंत आम्ही अर्धी बस सोलून काढली. तेव्हापासून हेच चालू. मी गप्प झालो की तिचं बोट उठायचं, याच्यावर बोला. हॉस्पिटलच्या बाकावर बसूनसुद्धा.

येताना मात्र तिचं बोट उठत नसे. डोळे मिटून बसायची. एकदा येताना बस खचाखच भरलेली होती. मी तोंडाशी पिशवी धरलेली पाहून एका भल्या माणसाने खिडकीची सीट रिकामी करून दिली. "बसा काका, तब्येत खराब दिसून राह्यली." मम्मी शेजारी टेकू लागली तर तिला म्हणाला, "बाई, तुम्ही जरा उभ्या राहा, पेशंटले हवा लागू द्या." ती उभी राहिली. दांडी धरलेल्या हातावर सुई टोचल्याची पट्टी होती, डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला. मी उठू लागलो तर खांदा दाबून मला खाली बसवलं आणि कानाशी म्हणाली, "बसा ना, पेशंट."

खुशी, आता दुसरी फोड घे. खिडकीची ती सीट तिची होती.

तिला अंडाशयाचा कॅन्सर आहे. कळलं त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येऊन मी गटाराशी ओकलो आणि तिने माझी पाठ चोळली. घरी आल्यावर तिने सगळं ठरवून टाकलं. "बाया येतीन अन् माझ्या तोंडाकडं पाहत बसतीन, ते मले नाई पाहिजे. अन् खुशीले सांगितलं तं ती तिकडं ओकंन, तुम्ही इकडं. मी कोणाकोणाचं डोकं धरू? तुम्ही तं असेही ओकूनच राह्यले. पेशंट म्हणून नाव तुमचंच लावू." म्हणून व्हिडिओ कॉलवर तुला दर वेळी माझं थोबाड दिसतं आणि फक्त तिचा आवाज येतो. फोन ती धरते. दिवाळीला परीक्षेचं निमित्त करून तुला येऊ नको म्हटलं तेही यासाठीच. तू रागाने फोन ठेवलास. तिने तरीही तुझ्या चकल्या तळायला घेतल्या आणि तेलाच्या वासाने स्वतःच उठून गेली. तिला औषधाने होतं, मला काळजीने, पण मोरी एकच. ती मात्र आतून कडी लावते आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते. कपाळ धरू देत नाही. मला मळमळायला तो नळ वाहिल्याचा आवाजच पुरतो.

मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता इतक्या लांब यायची गरज नाही, गोळ्या घरीच द्या, दुखू देऊ नका. किती सभ्य भाषा. येताना बस रिकामी होती. मी तिला खिडकीशी बसवलं. बराच वेळ झाला, मी गप्प. तिने डोळे उघडले, बोट उचललं, बसमध्ये फिरवलं, कोणीच मनासारखं मिळालं नाही तशी ते स्वतःकडे वळवून म्हणाली, "आता माझ्यावर बोला." मी खिडकीची काच ओढायला लागलो. "साऱ्या गावाले नाई सोडलं, अन् बायकोवर काई नाई?" मी बाहेर बघत राहिलो. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही गप्प बसले का मले भेव लागते." इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून भेव हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

परवा बसस्टँडवरच्या महागू चहावाल्याने हाक मारली. "काहो काका, नागपूर बंद? म्हणजे तब्येत फर्स्टक्लास झाली. लड्डू खिलाओ." मी हौ म्हणालो आणि उपाशीपोटी त्याचा चहा प्यालो.

तुला बोलाव असं ती म्हणणार नाही. पण काल दुपारी तुझी रजई बाहेर काढून उन्हात घातली. विचारलं तर म्हणते, "काई नाई, वास येऊन राह्यला होता." म्हणून हे पत्र. ये. पप्पांना बघायला आले म्हण. दारातून आत आल्या आल्या आधी माझ्या पोटाचं विचार, मोठ्याने. गुपित टिकलं असंच तिला वाटू दे. त्यावर तिने फार मेहनत घेतली आहे. ती खूप बारीक झाली आहे. तिला पाहून तुझ्या पोटात उसळेल. तेव्हा माझ्याकडे बघ. मी तुझ्या केसांवर, तुझ्या इंदुरी हिंदीवर, पायातल्या त्या होडीएवढ्या बुटांवर काहीतरी वाईटसाईट बोलेन. ती हसेल. ती हसली की श्वास सावकाश सोड. आणि तरीही नाहीच थांबलं, तर खुशाल नळाजवळ जा. ती भिंत धरत धरत येईल, तुझं कपाळ धरायला. वेळ लागेल. वाट पाहा, आणि तिला धरू दे.

तुझाच, गावभर पेशंट म्हणून मिरवणारा,
पप्पा