मी करदाता आहे

३ फेब्रुवारी
निर्णय पक्का. महिनाअखेर कपाटातली बायकोची, अ‍ॅव्हरिलची, बाजू रिकामी करायची. तिला जाऊन चौदा महिने झाले, मी पूर्ण सावरलोय. कपडे हॉस्पिसच्या दुकानात द्यायचे, तिथे दान आलेल्या जुन्या वस्तू विकतात. शेवटचे नऊ दिवस तिला त्याच शुश्रूषागृहातल्या लोकांनी सांभाळलं. रोज एक पिशवी. सोपं आहे.

५ फेब्रुवारी
पहिली पिशवी दिली. सुरुवात माझ्या शर्टांपासून केली, हात बसावा म्हणून.
काउंटरवरच्या ग्लेनिसबाईंना सांगितलं, पुढे बायकोचे कपडेही येतील. त्यांनी विचारलं, कर भरता का? भरत असाल तर इथे सही करा. तुमच्या वस्तूंचे जेवढे येतील त्यावर सरकार तुमच्याच करातून आम्हाला पौंडामागे पंचवीस पेन्स आणखी देतं. मागे दोघंजण उभे होते. म्हटलं, म्हणजे काय, चाळीस वर्षं भरतोय! सही ठोकली.
यात खोटं काही नाही. मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून सुपरमार्केटच्या ट्रॉल्या गोळा करतो, आठवड्याला सोळा तास. एवढ्या पगाराला कर बसत नाही, पण हे तात्पुरतं आहे. मॅनेजर क्रेग तास वाढवणारच आहे.

१४ फेब्रुवारी
तिचा निळा कोट काढला. परत टांगला. बाहेर पाऊस होता, उगाच भिजला असता. त्याऐवजी माझे मासेमारीचे दोन्ही रॉड दिले. ग्लेनिसबाई म्हणाल्या, तुमच्यासारखे दहा मिळाले तर आम्हाला चिंता नाही. खरं आहे.

२ मार्च
सूट दिला. बूटही. माझी बाजू जवळजवळ रिकामी. उत्तम प्रगती. तिची बाजू पुढच्या टप्प्यात.

१९ मार्च
क्रेगने बोलावलं. सुपरमार्केटच्या आतली जागा निघालीय, तीस तास. उद्या मोठे साहेब मुलाखत घेणार, जरा बरे कपडे घालून या म्हणाला. सूट परत घ्यायला हॉस्पिसच्या दुकानात धावलो. सूट सकाळीच विकला गेला होता. ग्लेनिसबाई खुशीत: अहो, वीस पौंड आले तुमच्या नावावर!

२० मार्च
मुलाखत ट्रॉलीवाल्याच्या पिवळ्या जॅकेटमध्ये दिली. उलट निष्ठा दिसते.

२७ मार्च
जागा दुसऱ्याला गेली. नुकसान त्यांचं.

११ मे
हॉस्पिसचं पत्र. सरलेल्या आर्थिक वर्षात माझ्या वस्तूंचे १६४ पौंड आले, त्यावर सरकारकडून ४१ घेतले. आभार. खाली बारीक अक्षरात: आपण तेवढा कर भरला नसल्यास फरक आपल्याला सरकारला भरावा लागेल.
मी भरलेला कर: शून्य.
मुलीला, जिलला, फोन केला. सहज विचारलं, माझ्या एका मित्राचं असं असं झालंय. ती म्हणाली, कुठला मित्र, डॅड? तुला मित्रच नाहीत.

१३ मे
दुकानात जाऊन सांगून टाकलं. अपमान होईल वाटलं होतं. ग्लेनिसबाई म्हणाल्या, अहो, मग तेव्हाच सांगायचं की! कर न भरणारे कितीतरी येतात, त्यांच्या शर्टांना काय काटे असतात? माझं नाव करदात्यांच्या यादीतून खोडलं. ते ४१ मात्र भरावे लागतील, थोडे थोडे. मग हळूच विचारलं, बायकोचे कपडे देणार होतात ना? म्हटलं, चालू आहे.

१८ मे
जिल न सांगता आली. सरळ कपाट उघडलं. माझ्या बाजूला दोन पँटी, तिच्या आईची बाजू गच्च. मी म्हटलं, मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ती पलंगावर बसून राहिली. मग उठली, गाडीतून पिशव्या आणल्या. अकरा भरल्या. दीड तास लागला. मी गाठी मारल्या.
दुकानात सही जिलने केली. ती कर भरते. अ‍ॅव्हरिलचं सगळं आता जिलच्या नावावर विकलं जाईल, पौंडामागे पंचवीस पेन्ससकट, रीतसर.
मी गाडीतच थांबलो. ग्लेनिसबाईंनी काचेतून हात केला. मला दिसलं नाही, मी सीटबेल्ट सोडवत होतो. निघतच नव्हता. जिलला सांगायला हवं, बिघडलाय.