सरळ रेघ

प्रिय प्रणयदादा,
जय भीम.

कंपनी सिंगापूरला हलवायच्या कागदांवर मी अजून सही केलेली नाही. तू रोज विचारतोस आणि मी रोज काहीतरी कारण सांगते. मला तिकडं यायचं होतं, हे तुला माहीत आहे.

काल लासूर स्टेशनला आवडामावशींच्या कांदाचाळीत गेले. कांदा सडू लागला की आपलं यंत्र वास ओळखून कळवतं. त्यांच्या चाळीतून उन्हाळाभर एकही इशारा आला नाही. आलेखावरची तीच सरळ रेघ तू तिथल्या गुंतवणूकदारांना दाखवलीस आणि ते पैसे घालायला तयार झाले.

दादा, अर्धी चाळ सडली आहे. यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत होतं, वरून सुतळीनं घट्ट बांधलेलं.

"मावशी, हे काय केलंत?"

"एवढं भारी यंत्र धुळीत उघडं ठेवू व्हय? तुमच्या टीव्हीवर कव्हर नाय का?"

मला हसू आलं, मग रडू. सिंगापुरातून ती पिशवी दिसली नसती, असं तुला सुनवावंसं वाटलं. पण चिकलठाण्याच्या ऑफिसातून मला तरी कुठं दिसली?

निघताना मावशींनी निवडलेले चांगले कांदे बांधून दिले. म्हणाल्या, "प्रणयला सांगू नको गं. पोरगं परमुलखात एकटं हाय, लई जिवाला लावून घेईल."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. सहीही करणार नाही, त्या खोट्या रेघेवर कंपनी हलवणं मला जमणार नाही. करुणा घाबरली, तिला गाव सुटत नाही, असं तू सगळ्यांना सांगशील. सांग.

तुझी,
करुणा