रोहण्याची पायली

वर्धा, सोमवार, १२ डिसेंबर १९५५

सुमननं असं काऊन केलं?

ट्रेनिंग कॉलेजात गुरुजींचा नियमच आहे, अभ्यास सोबत करा, पण गणितं ज्याची त्यानं सोडवावी. नक्कल दिसली तर शून्य. काल मी सांगत गेले, सुमन लिहीत गेली. आज दोघींच्या कागदांवर एकच चूक निघाली. धान्य मापायची पायली पाच शेरांची धरलेली. पुस्तकात ती चार शेरांची आहे.

"कोणी कोणाचं पाहिलं?" गुरुजींनी विचारलं.

दोघींनी मिळून केलं, असं मी सांगणारच होते. त्याआधीच सुमन म्हणाली, "मी माझं माझं केलं, गुरुजी. हिनंच पाहून लिहिलं."

शून्य मला.

पाच शेरांची पायली आमच्या रोहण्यातली. तिच्या वडनेरात चारच शेरांची. तिला पाच कुठून सुचणार? एवढं एक वाक्य बोलले असते तर... पण तिचा चेहरा पाहिला आणि ते तोंडून निघालंच नाही. माझी सुमन!

जेवताना ती रोजच्यासारखी शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "रागावली काय? उद्याची गणितं मले समजून नाई राह्यली. सांगशील ना?"



"पायली चारच शेरांची धरजो," एवढंच म्हटलं मी.