पाटीची लाल बाजू

ता. ४

चि. धाकटीस, अ. आ. वि. वि.

चार पानं रडलीस, त्यात कामाचं वाक्य एक: चिमणीच्या टॉन्सिल काढायच्या ठरल्या. अगं, दर महिन्याला पोर घसा सुजून तापाने फणफणते. मग काढायच्या नाहीत तर काय पुजायच्या?

मी शाळेत फार टिकले नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांचे जबडे धरण्यात जन्म गेला माझा. टॉन्सिलची ऑपरेशनं या हातांत झालीत. आमचे डॉक्टर चिमट्याने गाठ ओढतात, बुडाशी रक्ताची एक नळी दिसते, ती बांधतात, कापतात. संपलं. एवढ्यासाठी तू अन्न सोडलंस?

आमची रीत सांगते. ऑपरेशन झालं की पिंजऱ्यावर पाटीची लाल बाजू लावायची. जनावर आपणहून गिळायला लागलं की पाटी उलटी. मग धोका टळला. चिमणी गिळायला लागली की तूही ढाराढूर झोप. आणि मेव्हण्यांना सांग, दवाखान्याच्या फरशीवर येरझारा घालून ती झिजवू नका.

माया आहेच, शिव्यांसकट गोड मानून घ्यावी.

तुझी ताई

ता. १३

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं, त्याला आठवडा होत आला. तू म्हणालीस तसंच, गेली काय आणि आली काय. आता घरी आहोत. घशात दोन्हीकडे पांढरट खपली आहे. थुंकीत रक्त दिसलं तर लगेच आणा, असं दवाखान्याने बजावलं आहे. थुंकीत काही नाही.

पण कालपासून ती सारखी गिळते. तोंडात घास ना घोट, तरी गिळते. झोपेतसुद्धा. दूध नको म्हणते, तोंड जरा उतरलंय. हे म्हणाले, एकदा विचारून येऊ. मी तुझं पत्र त्यांच्या पुढ्यात टाकलं आणि म्हटलं, ताई उगाच नाही लिहीत. बिचाऱ्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. चिमणीने तर पुठ्ठ्याची पाटी करून, एक बाजू लाल रंगवून खाटेला टांगली होती. ती आज तिनेच हौसेने उलटी केली.

तरी तो गिळण्याचा आवाज ऐकला की मी रात्री उठून दिवा लावते. मी वेडी आहे, एवढं उलटटपाली लिही, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. तुझ्या शिव्यांची वाट बघते.

तुझी धाकटी

ता. १५

धाकटे,

तार मिळाली असेल. नसेल तर पुढचं वाचू नकोस. पोरीला उचल आणि दवाखान्यात पळ.

तुझं पत्र मी अक्षर लावत वाचत होते. डॉक्टर शेजारी हात धूत होते. मी तोऱ्यात सांगितलं, भाची झोपेतसुद्धा गिळतेय, बरी झाली. त्यांनी नळ बंद केला आणि पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतःच पत्र ओढून घेतलं.

ते म्हणाले, कुत्र्याचं सोपं असतं, रक्त बहुतेक जिभेकडच्या नळीतून येतं. माणसाच्या टॉन्सिलला पाच वाटांनी येतं. जिभेच्या मुळाकडून, जबड्याकडून, घशाच्या मागून आणि टाळूकडून दोन. एका टाकीला पाच नळ. आठवड्याने खपली सुटते, तेव्हा एखादी वाट उघडी पडते. मोठा माणूस रक्त थुंकतो, लेकरू गिळून टाकतं. बाहेर थेंब दिसत नाही, सगळं पोटात. तेच गिळणं तुला ऐकू येतंय.

पाटीची रीत गुंगीतून उठणाऱ्या कुत्र्यांची होती गं. मी ती तुझ्या पोरीच्या खाटेला बांधली. आज पिल्लाचा जबडा मी मधेच सोडून दिला, मला बाहेर काढलं. काय ते कळव. एक शब्द लिही, पण लिही.

ताई

ता. १८

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

चिमणी आहे.

तुझी तार आली तशी यांनी तिला पांघरुणासकट उचललं. दवाखान्याच्या दारातच तिला उलटी झाली. काळी, गाठीगाठींची, यांचा सदरा भरून. पोर कागदासारखी पांढरी पडली आणि हाका मारल्या तरी बघेना. तिला धावतच आत नेलं. खालच्या बाजूला, जिभेच्या मुळाशी, एक नळी वाहत होती. ती बांधली, बाटलीने रक्त चढवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर... पुढचं त्यांनी गिळलं.

ताई, तुझ्याशी भांडावं की तुझे पाय धरावे, कळत नाही. म्हणून सध्या दोन्ही राहू दे.

काल तिने दूध मागितलं. एकेका घोटाला मी टॉर्च घेऊन तिच्या घशात डोकावते. ती वैतागते. घरी आल्यापासून पाटी पुन्हा लाल करून ठेवली आहे. ती कधी उलटी करायची म्हणून चिमणी विचारते. माझा हात धजत नाही. तू सांग.

रागावले तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू द्यावं.

धाकटी

ता. २०

चि. धाकटीस, अ. आ.

मी सांगणार नाही. त्या डॉक्टरीणबाईंना विचार, आणि त्या म्हणतील तेव्हाच. मी शनिवारी येते. इथल्या सगळ्या पिंजऱ्यांच्या पाट्या आज मी लाल करून टाकल्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि तशाच राहू दिल्या.

रात्री जागत राहा, असं लिहिणार होते. पण तू झोप. मेव्हण्यांना पहाऱ्याला बसव. त्यांचं ऐकायला हवं होतं.

ताई