पिल्लांवरची मरळ

आदिलाबाद
दि. ११ जून १९८६

ती. द्वारकाअक्का हिस धाकट्या दौलतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण मासा. हसू नकोस, पुढे वाच.

आमच्या तलाव-कालव्यांच्या दफ्तरात हैद्राबादहून नवे साहेब आलेत. त्यांचा मेहुणा अमेरिकेत असतो. त्यानं साहेबांना गळाची काठी, रीळ, आमिषांची पेटी आणि बास नावाच्या माशावरची बारा मासिकं पाठवली. हा बास आपल्याकडे होत नाही. हे साहेबांना कुणी सांगायचं यावर दोन दिवस खल झाला. शेवटी हेडक्लार्क भगवंतरावांनी तोड काढली, की आपली मरळ म्हणजे इकडची बासच. तीही गवतात दबा धरते, तिचंही तोंड मोठं. साहेब खूष झाले आणि त्यांनी विचारलं, तलावातलं कुणाला कळतं. मी हात वर केला. म्हटलं, मी वांकिडीचा, आमची आई गळ टाकायची.

तेव्हापासून पेटी माझ्या ताब्यात आहे. लाकडी खेळणी करणाऱ्या निर्मलच्या कारागिरानंही मान डोलवावी असे रंगवलेले लाकडी मासे आहेत. एक रबरी बेडूक आहे, त्याचे दोन आकडे पाठीला चिकटून असतात. आणि एक चकचकीत पत्रा आहे, त्याला चमचा म्हणतात. पाण्यातून ओढला की तो लखलखत गोल फिरतो आणि मोठा मासा त्याला भुलतो. आमचा शिपाई नागनाथ हळूच म्हणाला, असे तर आपल्याकडे आधीपासून पुष्कळ आहेत.

तुला ठाऊकच आहे, मी सात वर्षं हंगामी आहे. कायम करण्याची माझी मिसल साहेबांच्या टेबलावर पडून आहे. परवा मी आठवण केली तर म्हणाले, "दौलत, पहले मछली, फिर फाइल." तेव्हा आई मरळ कशी धरायची ते सविस्तर लिही.

भाऊजींना जयभीम. माया आहेच, ती माशापुरती तरी वाढव.
तुझा दौलत

वांकिडी
१९ जून ८६

चि. दौलतले अक्काचा आशीर्वाद अन् जयभीम.

तुयं पत्र तुया भाऊजीले वाचून दाखवलं. थे इतके हासले का चहा नाकात गेला. सात वर्सं पेन घासून तू कायम झाला नाई, आता मरळ तुले कायम करनार म्हंते. करो बापा. आमची काई हरकत नाई.

तर ऐक. चमच्याच्या नादी लागू नोको. मोकळ्या पान्यात थो चालत असीन, पन आपल्या तलावात शेवाळ अन् कमळाची पानं. दर खेपेले अडकीन. थो पाठीले आकडे चिपकलेला बेडूकच घे. पानाच्या कडीले टाक, जरा थांब, मंग दोन ईत ओढ, परत थांब. खरा बेडूक काई घोड्यावानी पळत सुटत नाई. मरळीनं तोंडात घेतला का लगेच झटका देऊ नोको. आई मनात तीन मोजे अन् मंग ओढे. घाई केली का बेडूक तोंडातून निसटते.

आता एक गोठ फक्त तुले. पानी पडलं का तलावात एखाद्या जागी मिरचीपूड सांडल्यावानी लाल पुंजका हालताना दिसते. थे मरळीची पिल्लं. खाली माय-बाप राखनीले असतात. थ्या पुंजक्यावर काईबी टाकलं का मरळ धावून येते. भुकेनं नाई, रागानं. तिले धरनं लय सोपं, अन् म्हनूनच आपल्या गावात कोनी धरत नाई. बयनाबाई भोईन, जिची चूल याच तलावावर पेटते, थे बी नाई. हे सायेबाले सांगू नोको.

जेवन वेळेवर करत जा. मासा सायेब खाईन, तू उपाशी राह्यशीन.
तुयी अक्का

आदिलाबाद
दि. १४ जुलै १९८६

ती. अक्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

इथल्या तलावावर आमचे तीन रविवार गेले. हकीकत लिहितो, भाऊजींना चहा पिऊन झाल्यावर वाचून दाखव.

पहिल्या रविवारी साहेबांनी लाकडी मासा लावला. मासिकात लिहिलंय, काठी मागे घड्याळाच्या दहावर न्यावी आणि मग फेकावी. साहेबांनी काठी उचलून विचारलं, दहावर आहे ना? भगवंतरावांनी मनगट पाहून सांगितलं, "सर, अजून नऊच वाजलेत." मासा बाभळीत जाऊन बसला. अजून तिथंच आहे, एक खंड्या रोज येऊन त्याच्याकडे पाहतो म्हणे.

दुसऱ्या रविवारी चमचा. तुझं म्हणणं मी साहेबांच्या कानी घातलं होतं, पण मासिकात चमच्याची चार पानं स्तुती आहे. तो अकरा वेळा शेवाळात अडकला आणि अकरा वेळा नागनाथ पाण्यात उतरला. काल शेवटी बेडूक लावला. पानाच्या कडेला पाणी फुटलं, मरळीनं तो घेतला! मी तीन मोजा म्हणेपर्यंत साहेबांनी असा हिसका दिला की बेडूक मागे उडून भगवंतरावांच्या छत्रीत रुतला. भगवंतराव म्हणाले, साहेबांच्या हुद्द्याचा दरारा आहे, मासा घाबरून सुटला.

हसण्यासारखं आहे, पण अक्का, माझं हसू आटत चाललंय. पुढच्या महिन्यात वरचे मोठे साहेब तपासणीला येतात, आणि आमच्या साहेबांना त्याआधी माशासोबत फोटो हवा आहे. माझ्या मिसलीवर दुसऱ्या तीन मिसली येऊन पडल्या. म्हणून मी त्यांना वांकिडीचा तलाव सुचवला. २७ तारखेच्या रविवारी आम्ही येतो.

तो लाल पुंजका सध्या कोणत्या अंगाला आहे, एवढंच कळव. मी साहेबांना सांगणार नाही. मला फक्त ठाऊक असावं.

भाऊजींना जयभीम. रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा दौलत

वांकिडी
३० जुलै ८६

चि. दौलतले आशीर्वाद.

तुया पत्राले मी उत्तर देल्लं नाई. वाटलं, न लिवल्यानं समजशीन.

तुमी आले. दोन जीपा, एक खुर्ची, एक मोठी छत्री अन् सहा मानसं एका गळाले. सायेब मानूस वाईट नाई. आपल्या घरचं पानी पेला, तुया भाऊजीले शेतीचं इचारलं. तलावावर दोन घंटे बेडूक फेकत राह्यला अन् काई नाई भेटलं, तवा थ्याचं तोंड परीक्षेत नापास झालेल्या पोरावानी झालं. मले बी कीव आली. थो निंगायलेच लागला होता. जाता जाता तुले इचारलं, "अब क्या, दौलत?"

तू तोंडानं काईच बोलला नाई. नुसतं बोट वर केलं, चिंचेच्या अंगाले, जिथं थो लाल पुंजका तुले येताच दिसला होता. बाकीचे सगळे तलावाकडं पाहून राह्यले होते, म्हनून सायेबाबिगर कोनाले दिसलं नाई. मी लोटा घेऊन तुया मांगं उभी होती. मले दिसलं.

बेडूक लाल पुंजक्यावर पडला अन् पानी असं उसळलं का सायेब खुर्चीले टेकला. पन या खेपेले थ्यानं तीन मोजले. तूच शिकवलं होतं. चार किलोची मरळ. फोटो काढला, सायेबानं डोकं धरलं, भगवंतरावानं मधात हात लावला अन् तू शेपूट. मंग सायेबानं सगळ्याइले सांगतलं का ही अमेरिकेची पद्धत हाये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेली. नर एकटाच पुंजक्याखाली फेऱ्या मारत होता. थ्याले सगळीकून सांभाळनं झालं नाई. बगळे बसले होते. आज जाऊन पाह्यलं तर पान्यावर लाल काईच नाई.

बयनाबाईनं इचारलं, सायेबाले बरोबर थीच जागा कशी सापडली. मी म्हनलं, थ्याच्या पुस्तकात लिवलेलं असीन. तुयापायी माया तोंडातून लबाडी निंगाली. दुसरं काई लिवाचं नाई.
अक्का

आदिलाबाद
दि. २४ ऑगस्ट १९८६

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी खिशात ठेवून तीन आठवडे फिरलो. आता घडलंय ते लिहितो, बोल लावायचा तो लाव.

मरळीचा फोटो मोठा करून साहेबांच्या खुर्चीमागे लागला. मग साहेबांना कल्पना सुचली, की वांकिडीच्या तलावातले मासे परदेशी आमिष आवडीनं घेतात, तेव्हा तो तलाव शौकिनांसाठी राखून ठेवावा. गावकऱ्यांच्या जाळ्यांनी आणि गळांनी मासे बिचकतात, सबब त्यांना मनाई करावी. प्रस्ताव लिहायला माझ्याकडे आला. सोबत माझी कायम करण्याची मिसलही होती. साहेब म्हणाले, हा टाइप करून आण, मग दोन्हींवर एकदम सही करतो.

मी यंत्रावर कागद चढवला. 'मनाई' या शब्दापाशी आलो आणि बयनाबाई डोळ्यांपुढे आली. अक्का, मी काही शूर नाही, तुला ठाऊक आहे. नागनाथानं दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. मग प्रस्ताव पूर्ण टाइप केला आणि खाली माझी टीप जोडली. जशीच्या तशी लिहितो: "सदर मासा परदेशी आमिषास भुललेला नाही. तो पिल्लांवर होता. जागा या लेखनिकाने बोटाने दाखविली. त्या जागी चपलेचा तुकडा टाकला असता तरी त्याने धरला असता." साहेबांनी फोटोचा कोन पाहत न वाचताच सही केली, आणि माझी मिसल उद्या पाहू म्हणाले. जावक, म्हणजे बाहेर जाणारे कागद, माझ्याकडेच. कागद वर गेला.

तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी ती टीप भर बैठकीत मोठ्यानं वाचली. चपलेच्या तुकड्यापाशी तर ते हसून हसून थांबले. प्रस्तावावर आडवी रेघ मारून त्यांनी लिहिलं, "मासे वाढू द्यावेत." आमचे साहेब खाली पाहत राहिले. खरं सांगतो, मला त्यात मजा वाटली नाही.

मग माझं काय करायचं हा प्रश्न आला. काढून टाकायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण मासा; तो कागद पुन्हा वर जाणार. साहेब म्हणाले, तबादला करा. भगवंतरावांनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं, की हंगामी माणसाचा तबादला करता येत नाही, त्यासाठी तो कायम पाहिजे. म्हणून शुक्रवारी सकाळी साहेबांनी मला कायम केलं आणि दुपारी हाकललं. कुठे पाठवू विचारल्यावर संतापून बोलले, "जहाँ की मछली, वहीं भेजो."

येत्या एक तारखेला मी वांकिडीच्या शाखेत हजर होणार आहे. खोली बघू की घरी येऊ, हे तूच सांग. घरी ये म्हणशील असं गृहीत धरत नाही.

भाऊजींना जयभीम. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
दौलत

वांकिडी
२८ ऑगस्ट ८६

चि. दौलतले अक्काचा आशीर्वाद अन् जयभीम.

पत्र पोचलं. तुया भाऊजीनं चपलेचा तुकडा दोनदा वाचून घेतला. मनाईचं अन् थ्या आडव्या रेघेचं समजल्यावर भोईवाड्यात सगळे हासले. बयनाबाईनं मले इचारलं, दौलत कायम झाला म्हंजे काय झाला. मी सांगतलं, आता थ्याले कोनी उठवू शकत नाई. थे म्हने, मंग आमी तलावावर कवाच्याच कायम आहो, आमाले कागद तेवढा कोनी देल्ला नाई.

खोली पाहू नोको. मांगची खोली सारवून ठेवली. पन मोटारीतून उतरल्यावर सीदा घरी येऊ नोको. आधी बयनाबाईच्या घरी जा. बोट कोनाचं होतं थे मी तिले अजून सांगतलं नाई, अन् सांगनार बी नाई. थे तू सांग, तुया तोंडानं. थे काय बोलीन थे उभ्यानं ऐकून घे. बसाले म्हनलं तर बस.

मंग घरी ये. किती बी उशीर झाला तरी आमी जेवाचे थांबू.

तुयी
अक्का