ओढ्याकाठी फिरायला गेलो त्याची हकिकत

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, दुपार

ती. अक्कास,

पद्माचा वाकून नमस्कार, दाजींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? तू म्हणतेस रोज तेल लावते, आणि आमची सृष्टी तुझ्याकडे राहून आली ती म्हणाली, मावशीने बाटलीचं बूचसुद्धा उघडलेलं नाही. दोघींपैकी खरं कोण बोलतं ते तूच ठरव. दाजींचा खोकला कमी असेल. आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते, ठीक आहोत. फोन सोडून पद्मा पत्र का लिहिते, असं वाटेल तुला. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावलास की सगळ्या आष्ट्याला ऐकू येतं. शिवाय इकडे हे शेजारच्याच खुर्चीत असतात, आणि मला त्या खुर्चीबद्दलच बोलायचंय.

नानासो गेले तेव्हा तू येऊन गेलीस. ह्यांचे ऑफिसातले मित्र. रिटायर झाल्यावरही रोज संध्याकाळी दोघं चहाच्या गाड्यापर्यंत चालत जायचे, जाताना भांडायचे आणि येताना तेच भांडण एकमेकांची बाजू घेऊन करायचे. दिवाळीत ते झोपेतच गेले, आणि तेव्हापासून हे गॅलरीतल्या खुर्चीत बसलेत ते बसलेच. जेवतात, गोळ्या घेतात, विचारलं तर हो किंवा नाही एवढंच म्हणतात. (दिवस मावळायच्या आत जेवायचा आपल्यात रिवाज आहे ते बरं, नाहीतर दिवस मावळला हेही त्यांना कळलं नसतं.) मी मुद्दाम भांडण काढून पाहिलं. आमटीत मीठ टाकलं नाही, त्यांचा पेपर रद्दीत दिला. ते "बरं" म्हणाले. अक्का, इतक्या वर्षांत हा माणूस मला कधी "बरं" म्हणाला नव्हता, मला भीतीच वाटली. डॉक्टर म्हणाले, चालायला न्या. असं सहज म्हणाले की मला वाटलं, ते पण चिठ्ठीवर लिहून देतील आणि औषधाच्या दुकानात मिळेल.

आता आमच्या कॉलनीमागचा ओढा आठव, ज्याच्या वासाने तू उन्हाळ्यात खिडकी लावून झोपली होतीस. त्याच्या काठाने रंगीत फरश्यांचा रस्ता झालाय. एका बाजूने चालायचं, एका बाजूने सायकली, मध्ये पांढरा पट्टा, कडेला कठडा आणि बाकं. कमानीवर 'निसर्गपथ' लिहिलंय. ओढा तोच आहे, वासही तोच आहे, फक्त आता तो बसून घेता येतो. गेल्या आठवड्यात मी साडीवर सृष्टीचे पळायचे बूट चढवले आणि म्हटलं, मी निघाले. ह्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे, आणि मुकाट्याने चप्पल घातली. बहुतेक त्या अवतारात मला एकटीला सोडणं त्यांना बरं वाटलं नसावं.

सायकलींच्या बाजूने माणसं चालत होती, माणसांच्या बाजूने म्हशी, आणि सायकली त्यातून वाट काढत घंट्या वाजवत होत्या. एकीने मला ढकललं (म्हशीने; सायकलवाल्याने नुसतं रागावून पाहिलं). पुढे एक मंडळ बाकांवर बसून हात वर करून मोठमोठ्याने हसत होतं. आम्ही खाली मान घालून तिथून निघालो, लग्नघरासमोरून मयत न्यावी तसे. कमानीजवळच्या नकाशात रस्त्याच्या शेवटी बाग दाखवली होती, कारंजं, बदकं वगैरे. मी म्हटलं, बागेपर्यंत जाऊ. बराच वेळ चाललो. मग फरश्या संपल्या, पुढे खडी लागली, खडी संपली तिथे दोन काठ्यांना रिबीन बांधलेली, आणि रिबिनीपलीकडे ऊस. हे म्हणाले, "चल परत." पण बाग न बघता परतलो तर हे उद्या काही येणार नाहीत, असं माझ्या मनाने घेतलं. मी रिबिनीखालून गेले. काठावरची माती वरून सुकलेली दिसली, आणि माझा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मग दुसराही गेला.

ह्यांनी हात धरून ओढलं, पण जोर कुठला? तेच घसरायला लागले. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि मोठ्याने हाक मारली, "नानासो, हिकडं या, हात द्या जरा!"

अक्का, मला चिखल कळेनासा झाला. हाक मारून झाल्यावर हे तसेच उभे राहिले, माझा हात धरून, रस्त्याकडे बघत. खरंच वाट बघत होते गं. मग त्यांची पकड सैल झाली.

हाक ऐकून उसातून म्हशीवाली बाई आली. अंबूबाई नाव तिचं. म्हणाली, "आवं बाई, हिकडं कशाला आलासा? बाग न्हाई हितं, नुसती हुणार हाय म्हंत्यात." तिने म्हशीचा कासरा माझ्या कमरेला टाकला आणि मला पोत्यासारखं बाहेर काढलं. सृष्टीचा एक बूट आतच राहिला. मग ती इकडेतिकडे बघून ह्यांना म्हणाली, "तुमचं नानासो कुठं ऱ्हायलं? हाक मारलासा न्हवं?"

ह्यांनी हातावरचा चिखल पुसला. मग म्हणाले, "ते न्हाईत. दिवाळीत गेले." इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. ती "आगं बया" म्हणाली आणि माझे पाय धुवायला पाणी आणायला गेली. हे तिथेच खडीवर बसले आणि रडले. मी एका बुटात शेजारी उभी. दुसरं काय करणार?

तुला वाटेल, त्यानंतर हे रोज फिरायला जातात. नाही. काल संध्याकाळी चप्पल घालून फाटकापर्यंत गेले, थोडे उभे राहिले आणि परत येऊन खुर्चीत बसले. मी म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाले, "तू फिरायला येत न्हाईस, पहाऱ्याला येतेस." खरंच आहे ते. तब्येत सांभाळ, तेल लाव.

तुझी धाकटी,
पद्मा

ता. क. बुटाचं सृष्टीला बोलू नकोस. म्हशीने खाल्ला असं मी सांगितलंय.

ता. क. २. मुद्दा राहिलाच. दाजींना थोडे दिवस इकडे पाठवशील का? त्यांचं आणि ह्यांचं आमच्या लग्नापासून एकाही गोष्टीवर पटलेलं नाही, म्हणूनच म्हणते. माझी तब्येत बरी नाही असं दाजींना सांग. मी बोलावलंय हे ह्यांना कळू देऊ नकोस.

ता. क. ३. अक्का, पद्मा पाकीट शोधायला आत गेली तेवढ्यात पत्र वाचलं. चिखल घोट्यापर्यंतच होता. बाकीचं खरं आहे. साडूंना पाठवा.
— आदगोंडा